उन्हाळ्यातील जरबेरा : पारख आणि निगा



गेल्या अंकातील वाळ्याच्या पडद्यांविषयीचा लेख वाचून काही भगिनींनी विचारले, की उन्हाळ्यात घर थंड ठेवण्याविषयी लिहिलेत, आता फुले टिकविण्याविषयीही लिहा. सूचना अगदी वेळेवर आली. वैशाख लागला, की आपल्या व्यापारी घरांत दोन कामांची लगबग एकाच वेळी सुरू होते. घरात लग्नकार्याची आणि बाजारपेठेत नव्या दुकानाच्या, नव्या पेढीच्या मुहूर्ताची. दोन्ही प्रसंगी स्वागतासाठी पुष्पगुच्छ लागतात आणि नेमके याच दिवसांत तोडलेल्या फुलाचे आयुष्य सर्वांत कमी असते.

या दिवसांतील पुष्पगुच्छांत सर्वांत अधिक दिसणारे फूल म्हणजे जरबेरा. लांब, पर्णहीन देठ आणि त्यावर सूर्यबिंबासारखे गोल, प्रसन्न फूल. पांढरा, पिवळा, केशरी, गुलाबी, लाल अशा कितीतरी रंगांत ते मिळते. निळा तेवढा नाही. दिसावयास भरघोस आणि गुच्छ थोड्या फुलांत भरून दिसतो, म्हणून फुलवाल्यांचे ते आवडते. परंतु या फुलाला एक मोठी खोड आहे. त्याची मान अचानक वाकते. सकाळी ताठ असलेले फूल दुपारी जमिनीकडे पाहू लागते. पाकळ्या टवटवीत, रंग ताजा आणि मान मात्र खाली. ही मान का वाकते आणि ती ताठ कशी ठेवावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो मी एका चुकीतून शिकले. ती चूक आधी सांगते.

एका मुहूर्ताची गोष्ट

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने सांगलीत स्वतःचे नवे दुकान थाटले. त्याचे लग्न होऊन चारच महिने झाले होते. मुहूर्ताच्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या आणि जुन्या व्यापारी मित्रांच्या स्वागतासाठी पंचवीस पुष्पगुच्छ हवे होते. ते काम नव्या सूनबाईकडे सोपविले. सासरी आल्यावर तिच्याकडे आलेले हे पहिलेच स्वतंत्र काम. तिने गावातील एका फुलवाल्याकडे आठवडाभर आधी सांगून ठेवले, रंग ठरविले, आदल्या रात्री गुच्छ घरी आणवले. फुले उत्तम दिसत होती. घरातील आम्ही सर्वांनी मिळून मोठ्या बादल्या काठोकाठ भरल्या, त्यांत गुच्छ गळ्यापर्यंत बुडवून गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत ठेवले. भरपूर पाणी म्हणजे भरपूर ताजेपणा, अशी आमची समजूत.

सकाळी नऊ वाजता गुच्छ दुकानात नेले. अकराच्या सुमारास पाहुणे येऊ लागले आणि पाहतो तो काय, निम्म्याहून अधिक फुलांनी माना टाकलेल्या. पुतण्या एकेका वडीलधाऱ्याच्या हाती गुच्छ देत होता आणि फुले जणू खाली वाकून आपलेच देठ पाहत होती. कोणी काही बोलले नाही. आपल्याकडे अशा वेळी कोणी बोलत नाही. परंतु पाहतात सगळे. मी मात्र मोठेपणाच्या तोऱ्यात सूनबाईला चारचौघींत म्हणाले, "अगं, फुलं तरी नीट बघून घ्यायची होतीस."

ती एवढेच म्हणाली, "काकी, रात्री चांगली होती हो." आणि आत निघून गेली. तिचे डोळे भरून आलेले मी पाहिले, आणि तरीही त्या घाईत मी तिच्यामागे गेले नाही.

आमचे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, तिथेच खुर्चीवर बसले होते. त्यांची पन्नास वर्षे हळदीच्या व्यापारात गेली. त्यांनी एक वाकलेले फूल मागून घेतले, देठाचे खालचे टोक चिमटीत धरले आणि नखाने सोलले. टोक तपकिरी आणि बुळबुळीत झाले होते. पाण्याचा आंबूस वास येत होता.

"फूल चांगलंच होतं," अण्णा म्हणाले. "खालून सडलंय. आपणच रात्रभर बुडवून ठेवलं त्याला. आता पोरीला कशाला बोलता? हळकुंड वरनं पिवळं दिसलं म्हणून आपण घेतो का? मोडून आत बघतो. मग फूल घेताना नुसतं तोंड का बघायचं?"

अण्णांचे म्हणणे मनाला लागले. पुढच्या आठवड्यात मी सूनबाईला बरोबर घेऊन मिरजेजवळील एका परिचित शेतकऱ्याच्या पॉलिहाउसमध्ये गेले. तेथे जे पाहिले व ऐकले आणि नंतर वर्षभर घरी करून पाहिले, ते येथे क्रमाने मांडते.

हे एक फूल नव्हे

जरबेरा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. तेथील बार्बर्टन या गावाच्या परिसरात १८८०च्या दशकात रॉबर्ट जेमसन यांनी तो गोळा केला. म्हणून त्याच्या मुख्य जातीच्या शास्त्रीय नावात जेमसन यांचे नाव आहे, तर 'जरबेरा' हा शब्द ट्राउगॉट गेर्बर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून आला. आज पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे व मावळ परिसर, तसेच सातारा, सांगली, कोल्हापूर, नाशिक या भागांत पॉलिहाउसमध्ये त्याची लागवड होते.

झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर, गलांडा, सूर्यफूल हे सर्व जरबेराचे कुलबंधू. या कुलाचे वैशिष्ट्य असे, की आपण ज्याला एक फूल म्हणतो तो वस्तुतः शेकडो इवल्या फुलांचा समूह असतो. बाहेरची प्रत्येक 'पाकळी' हे एक स्वतंत्र फूल, आणि मधल्या चकतीतील प्रत्येक ठिपका हेही एक स्वतंत्र फूल. चकतीतील ही फुले कडेकडून मध्याकडे, एकेका वर्तुळाने उमलत जातात. ही गोष्ट लक्षात ठेवावी. कारण फुलाचे वय ओळखण्याची किल्ली येथेच आहे.

दुसरी गोष्ट देठाची. जरबेराचा देठ बुडाशी टणक असतो. परंतु फुलाच्या खालचा वीतभर भाग सर्वांत शेवटी वाढतो आणि सर्वांत शेवटी टणक होतो. तोपर्यंत तो भाग केवळ आतील पाण्याच्या दाबावर उभा असतो. पाण्याने भरलेली रबरी नळी ताठ राहते आणि पाणी बंद होताच लवते, तसाच हा प्रकार. म्हणजे मान वाकण्याची कारणे मुख्यतः दोन. एक तर फूल मान पक्की होण्याआधीच काढलेले असते, नाहीतर पाणी वर चढण्याची वाट खाली कोठेतरी तुंबलेली असते. पहिले कारण आपण फूल घेतानाच ओळखू शकतो. दुसरे आपल्याच घरी घडते.

फूल घेताना काय पाहावे

पहिली गोष्ट, फुलाचा डोळा, म्हणजे मधली चकती. चकतीच्या बाहेरच्या कडेची दोन-तीन वर्तुळे उमलून त्यांवर पिवळे पराग दिसत असतील आणि मधला भाग अजून घट्ट मिटलेला असेल, तर फूल योग्य वेळी काढलेले आहे असे समजावे. एकही वर्तुळ उमललेले नसेल तर फूल कोवळे आहे. ते दिसावयास सुरेख असले तरी त्याची मान कच्ची असते. उलट संपूर्ण चकतीवर पराग पसरला असेल आणि बोट लावताच पिवळी भुकटी हाताला येत असेल, तर फूल जुने झाले आहे. काही जातींचा डोळा मुळातच काळा असतो, त्याला दोष समजू नये. त्यातही कडेचे पराग स्पष्ट दिसतात.

दुसरी गोष्ट, मान. फुलाच्या खाली चार बोटे अंतरावर देठ अंगठा व तर्जनीमध्ये अलगद दाबून पाहावा. तो भरीव आणि ताठ लागला पाहिजे. मऊ, पोकळ किंवा सुरकुतलेला लागला तर ते फूल बाजूला ठेवावे. पुष्कळदा फुलवाले मानेला बारीक तार गुंडाळतात किंवा देठाभोवती प्लॅस्टिकची नळी चढवितात. ही लबाडी आहे असे नाही. प्रवासात फूल मोडू नये म्हणूनही हे करतात. परंतु तारेने बांधलेली मान दाबून पाहता येत नाही. म्हणून मोठी मागणी असेल तर तार बांधण्यापूर्वीच फुले पाहावीत.

तिसरी गोष्ट, देठाचे बूड. ते हिरवे किंवा किंचित लालसर, कोरडे व स्वच्छ असावे. तपकिरी, चिकट, वास येणारे बूड म्हणजे आमच्या अण्णांनी नखाने सोललेले तेच बूड. फुलवाल्याच्या बादलीत डोकावून पाहण्यास संकोच करू नये. बादलीतील पाणी गढूळ असेल तर वरची फुले कितीही हसरी दिसोत, ती एका दिवसाची आहेत.

चौथी गोष्ट, पाकळ्या. त्या सपाट, पूर्ण पसरलेल्या आणि कडेपर्यंत एकाच रंगाच्या असाव्यात. त्यांवर पाण्याच्या थेंबासारखे पारदर्शक किंवा तपकिरी ठिपके दिसले तर ती करड्या बुरशीची सुरुवात असू शकते, आणि अशा गड्डीतील बाकीच्या फुलांवरही ती पसरते. बाजारात जरबेरा बहुधा दहा फुलांच्या गड्डीत येतो आणि प्रत्येक फुलावर पातळ प्लॅस्टिकची टोपी असते. एक-दोन टोप्या काढून पाहू द्याव्यात, असे विक्रेत्याला नम्रपणे सांगावे. नमुना पाहिल्याशिवाय माल घ्यावयाचा नाही, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

बाजारात शक्यतो पहाटे जावे. मुंबईचे दादर असो, पुण्याचे गुलटेकडी असो वा आपल्या गावचा फूलबाजार असो, रात्री आलेला माल सकाळी लवकर थंड असतो. दहानंतर उन्हाने त्याचे वय झपाट्याने वाढते. दाट लग्नतिथीच्या दिवशी भाव दुपटीवरही जातो. म्हणून तिथीच्या आदल्या दिवशी चांगला माल घेऊन रात्रभर नीट सांभाळणे, हे तिथीच्या दिवशी उरलेला माल चढ्या भावाने घेण्यापेक्षा शहाणपणाचे.

घरी आणल्यावर

आमची चूक झाली ती येथे. म्हणून हा भाग सविस्तर सांगते.

शेतात जरबेराचे फूल कात्रीने कापत नाहीत. देठ बुडाशी धरून, किंचित पीळ देऊन उपटतात, कारण कापलेले खुंट झाडावर राहिले तर ते कुजून झाडाला अपाय होतो. त्यामुळे देठाच्या बुडाशी टणक टाच येते आणि तिच्यातून पाणी नीट चढत नाही. घरी आणताच धारदार सुरीने बुडाकडील दोन-तीन सेंटिमीटर भाग तिरका कापून टाकावा. बोथट कात्रीने देठ चेपतो व पाण्याची वाट बंद होते. कापल्यावर फूल लगेच पाण्यात ठेवावे. मध्ये वेळ गेला तर देठात हवा शिरते.

आता पाणी किती? फक्त पाच ते सात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे. जरबेराचा देठ मऊ आणि लवदार असतो. तो जितका खोल बुडेल तितका लवकर कुजतो. त्या कुजण्यातून पाण्यात जिवाणू वाढतात आणि देठातील सूक्ष्म नळ्या तुंबवितात. वर पाण्याचा महापूर आणि आत तहान, अशी त्या फुलाची अवस्था होते. आमच्या काठोकाठ भरलेल्या बादल्यांनी एका उष्ण रात्रीत नेमके हेच केले. पाणी थोडे ठेवावयाचे म्हटल्यावर ते आटत तर नाही ना, याकडे मात्र लक्ष द्यावे.

पाणी स्वच्छ, गाळलेले आणि साधे असावे. माठातील पाणी उत्तम; बर्फाचे नको. क्षार अधिक असलेले कूपनलिकेचे पाणी शक्यतो टाळावे. जरबेराला क्षार सोसत नाहीत आणि फ्लोराइड अधिक असलेल्या पाण्याने पाकळ्यांच्या कडा करपतात. भांडे आधी घासून, धुऊन, वाळवून घ्यावे. जुन्या फुलदाणीच्या तळाशी बसलेली निसरडी साय हीच सर्व रोगांचे मूळ असते.

पाण्यात साखर घालण्याची पुष्कळांना सवय असते. नुसती साखर जरबेराला घातक ठरते, कारण फुलाआधी ती जिवाणूंनाच पोसते. तांब्याचे नाणे, औषधाची गोळी असल्या उपायांवरही विसंबू नये. फूल व्यवसायातील लोक लिटरभर पाण्यात पाव चमचा साधे ब्लीच घालतात. त्याने पाणी निर्मळ राहते. ज्यांना ते वापरावयाचे नाही त्यांनी पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावे, देठ धुवावेत आणि दर दोन दिवसांनी बुडाचा एक सेंटिमीटर नव्याने कापावा. आमच्या घरी आम्ही हेच करतो, आणि अनुभव चांगला आहे.

फुले नेहमी उभी ठेवावीत. आडवी ठेवली तर काही तासांतच देठाचे टोक वर वळते आणि पुढे सरळ होत नाही. एकाच बाजूने उजेड येत असेल तर माना तिकडे झुकतात. रात्रभर सांभाळावयाची असतील तर घरातील सर्वांत थंड, अंधाऱ्या खोलीत फरशीवर ठेवावीत. पत्र्याखाली किंवा गच्चीवर नव्हे. पंखा अथवा वातानुकूलन यंत्राचा थेट झोत पाकळ्यांतील ओल शोषून घेतो, तोही टाळावा.

गुच्छ बांधताना

गुच्छ आदल्या रात्री बांधून आणू नये. फुले सुटी आणावीत, रात्रभर थोड्या पाण्यात उभी ठेवावीत आणि सकाळी बांधावीत. घट्ट सुतळीने मऊ देठ चेपतात. रुंद फीत वापरावी. देठांच्या टोकाला ओला कापूस व त्यावर छोटी पिशवी बांधली तर दोन-तीन तास काळजी नसते. फुलांवर पाणी शिंपडून वरून पारदर्शक कागद गच्च गुंडाळण्याची पद्धत उन्हाळ्यात सर्वथा सोडावी. आत वाफ कोंडते आणि बुरशीला आयते घर मिळते.

करंडीत हिरवा स्पंज वापरावयाचा असेल तर तो पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यावा. हाताने दाबल्यास आत हवा राहते आणि तेथे खोचलेल्या फुलाला पाणीच मिळत नाही. जरबेराचा देठ थेट खुपसताना मोडतो, म्हणून आधी काडीने भोक पाडून मग खोचावा. स्पंज मातीत मिसळत नाही, हेही ध्यानात ठेवावे; साध्या पितळी घंगाळात किंवा रुंद तोंडाच्या तांब्यात जरबेरा तितकाच शोभतो.

मिश्र गुच्छात आणखी एक अडचण येते. गुलाबाला खोल पाणी लागते, जरबेराला उथळ. म्हणून भेट मिळालेला गुच्छ घरी आला, की आधी कागद, फीत आणि तारा काढाव्यात, फुले जातवार वेगळी करावीत आणि दोन वेगळ्या भांड्यांत ठेवावीत. आणि एक गोष्ट खास या दिवसांतली. आंब्याची पेटी ज्या खोलीत असेल त्या खोलीत पुष्पगुच्छ ठेवू नये. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. जरबेरा तो बऱ्यापैकी सोसतो. परंतु गुच्छातील कार्नेशन एक-दोन दिवसांत मिटून जाते आणि सारा गुच्छ निस्तेज होतो.

मान वाकलीच तर

फूल लगेच टाकून देऊ नये. देठाचा बुडाकडील तीन-चार सेंटिमीटर भाग कापावा. फूल सरळ धरून वर्तमानपत्राच्या कागदात मानेपर्यंत सैल नव्हे, तर बेताने घट्ट गुंडाळावे आणि ताज्या, उथळ पाण्यात थंड जागी दोन तास उभे ठेवावे. वाट नुकतीच तुंबलेली असेल तर बहुतेक वेळा मान पुन्हा वर येते. आली नाही, तर देठ आखूड करून फूल पसरट भांड्यातील पाण्यावर तरंगत ठेवावे. मान नसली तरी फुलाचे मुख आणखी दोन-तीन दिवस प्रसन्न राहते. उन्हाळ्यात पंख्याच्या खोलीत चांगला जरबेरा पाच-सहा दिवस टिकतो, थंड खोलीत सात ते दहा दिवस. शेवटी तारा, फीत, टोप्या काढून फुले कुंडीतील खतात जिरवावीत.

आपल्यातील कित्येक घरांत तोडलेले फूल आणत नाहीत. त्यांना जरबेराची फुललेली कुंडी भेट देता येते. सकाळचे ऊन व दुपारची सावली, पाण्याचा चांगला निचरा आणि रोपाचा गाभा मातीच्या वर, एवढे सांभाळले तर ती वर्षानुवर्षे फुलते. पाणी घालताना गाभ्यात मात्र साचू देऊ नये.

फुलामागचा हिशेब

त्या शेतकऱ्याच्या पॉलिहाउसमध्ये आम्ही तासभर होतो. बाहेर डोळे दिपविणारे ऊन, आत वर ताणलेली सावलीची जाळी आणि मधूनमधून सुटणारे धुक्यासारखे तुषार. गादीवाफ्यांवर चौरस मीटरला सुमारे सहा रोपे. लागवडीनंतर अडीच-तीन महिन्यांनी फुले सुरू होतात आणि दोन-तीन वर्षे रोज सकाळी ती काढावी लागतात. सण असो, घरात आजारपण असो, फूल थांबत नाही. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये टाळेबंदीत बाजार बंद झाले, तेव्हा महाराष्ट्रातील कितीतरी फूल उत्पादकांना उमललेली फुले स्वतःच्या हाताने काढून उकिरड्यावर टाकावी लागली. झाडावर ठेवली तर झाडच खराब होते. तो शेतकरी म्हणाला, "ताई, त्या वेळी भाव मिळाला नाही ह्याचं दुःख होतंच. पण कुणाच्या घरी एक दिवसही न जाता फूल गेलं, ते जास्त लागलं."

नाशवंत मालाचा व्यापार ज्यांनी केला आहे, त्यांना या वाक्याचे मोल सांगावयास नको. आपण पैसे मोजून फूल आणतो आणि आपल्याच अज्ञानाने ते एका रात्रीत संपवितो, तेव्हा तोटा केवळ आपल्या खिशाचा नसतो. आणि दोष नेहमी त्याच्यावर येतो, ज्याच्या हातात शेवटी ते फूल असते. गेल्या वर्षी तो एका नव्या सुनेवर आला.

यंदा अक्षय तृतीयेला आमच्याच पेढीच्या नव्या शाखेचा मुहूर्त होता. फुलांचे काम कोणी करावे, हा प्रश्न निघाला तेव्हा सूनबाई गप्प होती. मीच म्हणाले, "तीच करील. आणि गेल्या वर्षी मी चारचौघींत बोलले, ते माझं चुकलं होतं. बादल्या तर आम्हीच भरल्या होत्या." हेही चारचौघींतच बोलले, कारण बोल लावला होता तोही चारचौघींतच. ती काही बोलली नाही; परंतु आदल्या दिवशी पहाटे साडेपाचला तयार होऊन दारात उभी होती.

बाजारात तिने टोप्या काढून डोळे पाहिले, माना दाबल्या, बुडे हुंगली आणि दोन गड्ड्या परत केल्या. विक्रेता हसून म्हणाला, "ताई, एवढं कोण बघतं?" ती म्हणाली, "आमच्या घरी हळकुंडसुद्धा मोडून बघतात." पुढच्या गड्ड्या त्याने स्वतःच निवडून दिल्या.

मुहूर्ताच्या दिवशी दुपारी एक वाजेपर्यंत सर्व गुच्छ ताठ होते. उरलेली पाच केशरी फुले तिने चार बोटे पाण्यात, पितळी तांब्यात, अण्णांच्या खोलीत ठेवली. अण्णा रोज सकाळी पाणी बदलले का, असे विचारीत. सहाव्या दिवशी त्यांतील दोन फुलांच्या माना वाकल्या, तेव्हा त्यांनीच देठ आखूड करून ती वाटीत तरंगत ठेवली.